बुधवारी गैरहजर

‘परवानगीशिवाय जागेवरून उठतो.’

माझ्या निरीक्षण वहीत, माझ्याच अक्षरात, एकाच मुलाबद्दल हे वाक्य वर्षभरात सहा वेळा आलंय. दोनदा तर खाली रेघ मारलेली आहे. एप्रिलमध्ये प्रगतिपुस्तकं भरायला बसले तेव्हा त्याच्या ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात काय लिहायचं हे मला वही न उघडताही माहीत होतं. ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात काय लिहायचं, ते काही केल्या सुचेना.

मी नाशिकला पंचवटी भागातल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. नोकरीला बावीस वर्षं झाली. यंदा वर्गात अडतीस मुलं होती. कुणाचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, कुणाचे सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कंत्राटावर जातात, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करून मग मुलाला शाळेत सोडते. या आईबापांच्या हातात वर्षातून दोनदा मी एक कागद ठेवते. आपल्या मुलाबद्दल कुणी लेखी काही सांगितलंय, असा तो अनेकांच्या घरातला एकमेव कागद असतो. त्यामुळे त्यावर काय लिहिलं जातं, याची मला फार काळजी वाटते. आणि तरी मी तिथे काय लिहीत आले, ते आधी सांगते.

शिक्षणहक्क कायदा 2009 मध्ये झाला. त्याच्या कलम 29 मध्ये म्हटलंय की मुलाला काय समजलं आणि समजलेलं त्याला वापरता येतं का, याचं सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावं. त्यावर आपल्या राज्याने 20 ऑगस्ट 2010 ला शासन निर्णय काढला आणि आकारिक-संकलित हे शब्द आमच्या जिभेवर बसले. चौथीला साठ गुण आकारिकचे आणि चाळीस संकलितचे. म्हणजे लेखी पेपरापेक्षा वर्षभराच्या निरीक्षणाला, तोंडी कामाला, प्रात्यक्षिकाला, उपक्रमाला जास्त वजन. कल्पना किती चांगली! गुणांच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. मुलाबद्दल मोकळेपणाने काही सांगता येईल अशी जागा शिक्षकाला पहिल्यांदाच मिळाली होती.

त्या जागेचं आम्ही काय केलं? इयत्तावार, विषयवार तयार नोंदींच्या पीडीएफ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरायला लागल्या. ‘शालेय उपक्रमांत उत्साहाने सहभागी होतो.’ ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘स्वतःचे अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगतो.’ सत्राच्या शेवटी आम्ही त्यातून वाक्यं उचलतो आणि ‘तो’चा ‘ती’ करतो. मीही केलंय. एका वर्षी ‘उत्साहाने सहभागी होतो’ हे मी एकोणीस मुलांना दिलं होतं. कामाचा रेटा असतो हे खरं. पोर्टलवरची माहिती, शालेय पोषण आहाराचा हिशेब, सर्वेक्षणं, बैठका. पण मुलाच्या घरी तो रेटा पोचत नाही. तिथे फक्त वाक्य पोचतं.

यंदा मार्चमध्ये माझ्या भाचीने सुचवलं, ‘मावशी, एवढी वही लिहितेस तर ती एआयला वाचायला दे ना.’ वही म्हणजे माझी दोनशेपानी निरीक्षण वही. दर मुलाला काही पानं, तारीख टाकून एक-दोन ओळी, जे दिसलं ते. गेली सहा-सात वर्षं मी ती ठेवते. पण खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर मागे वळून सलग कधी वाचली नव्हती.

आधी मुख्याध्यापकांशी बोलले. मुलांची नावं, आडनावं, जात, पत्ता, आधार क्रमांक यातलं काहीही यंत्रात जाणार नाही, हे ठरवलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीचा आग्रह धरतो. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. परक्याच्या लेकराची गोष्ट परक्याच्या घरी जाऊन सांगायची, तर निदान नाव तरी झाकावं. हजेरीपटाशी जुळणार नाहीत असे मी माझेच क्रमांक दिले, एक ते अडतीस. मग रोज संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की फोन तोंडाशी धरून वही वाचायची आणि तो मराठीत टंकत जायचा. अकरा संध्याकाळी लागल्या.

पहिल्याच दिवशी मोठी निराशा झाली. मी सांगितलं होतं, ‘या नोंदींवरून प्रत्येक मुलाची बलस्थानं लिहून दे.’ पाच मिनिटांत अडतीस परिच्छेद आले. भाषा गुळगुळीत. ‘हा एक जिज्ञासू आणि उत्साही विद्यार्थी असून…’ ‘तिच्यात नेतृत्वगुण दिसून येतात…’ मी चार-पाच वाचले आणि लक्षात आलं की हे तेच आहे. तीच पीडीएफ, नवं इस्त्रीचं कापड घालून आलेली.

असं का होतं ते भाचीने समजावून सांगितलं, आणि ते मला पटलं. हे यंत्र अफाट मजकुरावर शिकलेलं आहे. एका शब्दानंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज घेत घेत ते वाक्य पुढे नेतं. म्हणजे प्रगतिपुस्तकाची नोंद लिहायला सांगितली की जगभरच्या नोंदींमध्ये जे सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलं, तिकडेच ते ओढलं जाणार. पण जे गुण आमच्या नजरेतून सुटतात, ते नेहमीच्या शब्दांत बसत नाहीत म्हणूनच तर सुटतात. त्यांना शोधायला सगळ्यात नेहमीचे शब्द पाठवून कसं चालेल?

मग मी त्याच्याकडून लिहिणं काढून घेतलं आणि फक्त वाचायचं काम दिलं. मराठीत, सरळ: ‘तू एकही नोंद लिहायची नाहीस. एका मुलाबद्दल वेगवेगळ्या तारखांना परत परत काय आलंय ते शोध. तारीख दे आणि माझं वाक्य जसंच्या तसं दे. एखाद्या मुलाच्या नोंदी त्याच तारखेच्या दुसऱ्या मुलांच्या नोंदींशेजारी ठेवून बघ. काही सापडलं नाही तर ‘नोंद नाही’ एवढंच म्हण.’

इथून पुढे त्याचा उपयोग झाला.

जागेवरून उठणारा मुलगा म्हणजे माझा नऊ क्रमांक. यंत्राने त्याच्या सहाही तक्रारी तारखांसह मांडल्या आणि शेजारी त्याच दिवशीच्या दुसऱ्या नोंदी ठेवल्या. सहापैकी चार दिवशी वर्गात दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी झालेलं होतं. एकीचा डबा सांडला होता. एक नवीन मुलगा पहिल्या दिवशी रडत होता. एकाच्या दप्तराचा बंद तुटला होता. आणि दोन डिसेंबरला अकरा क्रमांक हाताला प्लास्टर घालून आला होता.

मी वही काढली. दोन डिसेंबर. नऊच्या पानावर: ‘परवानगीशिवाय उठून मागच्या बाकावर गेला, खाली कचरा केला.’ अकराच्या पानावर: ‘उजवा हात फ्रॅक्चर, डाव्या हाताने लिहायचा प्रयत्न करतो.’ दोन्ही वाक्यं माझीच. मधे बारा पानं.

आणि मग तो दिवस डोळ्यांसमोर आला. डाव्या हाताने लिहिणारं मूल पेन्सिल फार दाबतं, टोक सारखं मोडतं. एका हाताने शार्पनर फिरवता येत नाही. नऊ क्रमांक मागच्या बाकाशी उकिडवा बसून त्याला पेन्सिलचं टोक करून देत होता. एक नाही, तीन पेन्सिली ओळीने करून ठेवल्या होत्या, म्हणजे मोडली की लगेच दुसरी घेता येईल. त्या पेन्सिलींच्या साली खाली फरशीवर पडल्या. मी फळ्याकडून वळले, मला साली दिसल्या, मी ओरडले. त्याने एका शब्दाने सांगितलं नाही की मी काय करत होतो. साली गोळा केल्या, मुठीत धरून खिडकीतून बाहेर टाकल्या आणि जागेवर जाऊन बसला. त्याबद्दलही मी ओरडले.

वर्षभर मी त्याचा चांगुलपणा तारीखवार लिहून ठेवत होते, फक्त तक्रारीच्या रकान्यात. यंत्राने मुलाला पाहिलेलं नाही. त्याने मला वाचलं, आणि मी जशी कधी वाचत नाही तसं वाचलं: न थकता, चिडचीड न होता, बारा पानांपलीकडचं वाक्य लक्षात ठेवून. एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली पन्नासावी नोंद करणाऱ्या बाईला हे जमत नाही.

मात्र त्याच दिवशी त्याने मला फसवलंही, ते सांगितलं पाहिजे. तेवीस क्रमांकासाठी त्याने एक तारीख दिली आणि अवतरणात एक वाक्य दिलं: ‘गटकार्यात सर्वांना सामावून घेते.’ मी त्या तारखेचं पान उघडलं. तिथे असं काहीच नव्हतं. वही दोनदा चाळली. हे वाक्य मी कधीच लिहिलं नव्हतं. जसंच्या तसं दे, नसेल तर नाही म्हण, असं बजावूनही त्याने कोरी जागा आपल्या मनाने भरली. तेव्हापासून मी एक नियम पाळला. यंत्राने दाखवलेलं प्रत्येक वाक्य आधी वहीत बोट ठेवून बघायचं. बोट टेकलं नाही तर ती गोष्ट सोडून द्यायची, कितीही गोड असली तरी.

दुसरी चूक जास्त लागली, कारण ती आमच्या दोघांची निघाली. वर्गात बागलाणकडून आलेला एक मुलगा आहे, घरी अहिराणी बोलतो. गोष्ट सांगायच्या तासाला तो सुरुवात प्रमाण मराठीत करतो आणि रंगात आला की अहिराणीत शिरतो. सगळा वर्ग तोंडाकडे बघत राहतो. त्याची काही वाक्यं मी मुद्दाम वहीत तशीच उतरवली होती, ‘मन्ही माय’ वगैरे. यंत्राने आधी ती शुद्धलेखनाच्या चुका म्हणून दुरुस्त केली आणि मग त्याच्याबद्दल मुद्दा काढला की भाषेत वारंवार अशुद्धता आढळते. अहिराणी लेखी स्वरूपात त्याच्यापुढे फारशी आलेलीच नसणार, त्याला काय ठाऊक. पण मला तर ठाऊक होतं! मालेगाव, बागलाण, कळवण, देवळा, आमच्याच जिल्ह्याचा उत्तरेचा निम्मा पट्टा ही भाषा बोलतो. तरी त्याच्या पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात मी काय लिहिलंय ते बघितलं: ‘बोलताना प्रमाणभाषेचा वापर वाढवावा.’ यंत्राची समजूत माझ्यापेक्षा वेगळी नव्हती. दुसऱ्या सत्रात मी लिहिलं, ‘अहिराणी आणि प्रमाण मराठी अशा दोन्ही भाषांत गोष्ट रंगवून सांगतो. ऐकणाऱ्याला धरून ठेवतो.’

आता सतरा क्रमांकाबद्दल. खरं म्हणजे तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

मी यंत्राला विचारलं होतं, वहीत सगळ्यात कमी नोंदी कुणाच्या आहेत? उत्तर साधं मोजणीचं होतं, पण वाचून मी बराच वेळ गप्प बसले. सात मुलं अशी होती ज्यांच्याबद्दल अख्ख्या वर्षात मी पाचपेक्षा कमी वेळा काही लिहिलं होतं. त्यातल्या पाच मुली. दंगेखोर मुलांची पानं भरून पुरवण्या लागल्या होत्या, हुशार मुलांची पानं भरली होती, आणि या सात जणांची पानं जवळजवळ पांढरी. ज्या पानावर मी काही लिहिलंच नाही, तिथे जगातलं कुठलंही यंत्र काही शोधू शकत नाही. सतराच्या खात्यात चार ओळी होत्या. ‘हळू आवाजात बोलते.’ ‘प्रश्न विचारल्यास मान खाली घालते.’ ‘हातच्याच्या वजाबाकीत चुका.’ ‘आत्मविश्वास वाढवणे आवश्यक.’ बाकी सगळं एकच, तारखा आणि पुढे ‘गैरहजर’. अशा तेरा तारखा.

यंत्राने म्हटलं, यातल्या अकरा बुधवारच्या आहेत.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मोजलं. दहा होत्या, एक वार त्याने चुकवला होता. पण दहा म्हणजे काही थोडे नव्हेत. मी तिच्या पहिल्या सत्राच्या नोंदीत ‘उपस्थिती अनियमित’ लिहिलं होतं. अनियमित कसली? तिच्याइतकं नियमाने गैरहजर राहणारं वर्गात दुसरं कुणी नव्हतं.

यंत्राला बुधवार म्हणजे सातातला एक वार. त्याने पुढे सुचवलं, त्या दिवशी असलेल्या एखाद्या विषयाची भीती असू शकते, वेळापत्रक तपासा. नाशिकच्या माणसाला वेळापत्रक तपासायची गरज नाही. बुधवार म्हणजे गोदाघाटावरचा आठवडे बाजार. आणि मग मला एक गोष्ट आठवली आणि अंगावर काटा आला. ऑगस्टमध्ये एका बुधवारी ती शाळेत हजर होती, ते माझ्या लक्षात होतं, कारण त्या दिवशी निम्मा वर्ग नव्हता. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरी दुथडी भरलेली, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलेलं आणि अख्खं शहर पूर बघायला गेलेलं. घाटावर बाजार बसलाच नव्हता. म्हणून ती शाळेत आली होती. या पोरीची हजेरी नदीच्या पाण्यावर चालली होती आणि मी तिच्या वर्गात उभी राहून तिला आत्मविश्वास वाढवायला सांगत होते.

पुढच्या बुधवारी शाळा सुटल्यावर मी घाटावर गेले. गाडगे महाराज पुलाच्या बाजूने उतरले. उन्हाने फरशी तापलेली, वर जुन्या धोतरांची आणि ताडपत्र्यांची सावली, कांद्या-लसणाचे ढीग, भांड्यांची दुकानं, सुकी मासळी. शोधत फिरावं लागेल असं वाटलं होतं. फिरावं लागलं नाही. आवाज आधी आला.

‘पंधराला मेथीऽऽ! दहाला कोथिंबीरऽऽ! मखमलाबादची हाये, बघून घ्या!’

मान खाली घालणारी माझी सतरा क्रमांक एका उलट्या क्रेटवर उभी होती. पुढे ओलं गोणपाट, त्यावर जुड्यांची रास. आवाज असा की पलीकडच्या ओळीतली माणसं वळून बघत होती. मी तिच्या नजरेला पडणार नाही अशी एका भांड्याच्या दुकानाआड उभी राहिले. तपासायला नाही, थोडा वेळ नुसतं बघता यावं म्हणून.

आई मागे बसून जुड्या निवडून देत होती, पुढचा सगळा कारभार लेकीकडे. एका आजोबांशी मराठीत बोलली, एका बाईशी हिंदीत, आणि मधेच मागे वळून आईशी तिच्या कोकणा बोलीत. आई मूळची सुरगाण्याकडची. एक बाई जुडी उलटसुलट करून बघायला लागली, तेव्हा हिने तिच्या हातातली काढून घेतली नाही, राशीतली दुसरी उचलून पानं पसरून दाखवली आणि म्हणाली, ‘ही घ्या मावशी, हिला माती कमी.’ बाईने तीन मेथी घेतल्या, दोन कोथिंबिरी, आणि शंभराची नोट पुढे केली.

आता हे नीट सांगते, कारण इथे मी शिक्षिका म्हणून अडले. पंचेचाळीस आणि वीस, पासष्ट. शंभरातून पासष्ट. वर्गात हीच वजाबाकी फळ्यावर मांडली की शून्यातून पाच जात नाहीत, शेजारून घ्यायचं तर तिथेही शून्य, मग शतकाकडून आणायचं, या सगळ्यात ती हमखास अडकायची. इथे तिने आधी पाचचं नाणं बाईच्या हातावर ठेवलं आणि पुटपुटली, ‘सत्तर.’ मग दहाच्या नोटा एकेक करून. ‘ऐंशी, नव्वद, शंभर.’ झालं. वजाबाकी नाहीच. पासष्टपासून पुढे चालत शंभरापर्यंत जायचं आणि वाटेत जे दिलं ते परत. हातचा घ्यायचा प्रश्नच येत नाही. वर्षभर मी तिला जे शिकवत होते त्यापेक्षा हे कमी चुकणारं आहे आणि ती ते विचारही न करता करते.

फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांचा त्यात सहभाग होता. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,400 हून अधिक मुलांना त्यांनी गाठलं. ही मुलं गिऱ्हाइकाचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी, बिनचूक करत होती. तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर आलं की बहुतेकांना जमत नव्हतं. अभ्यासाचा दुसरा भाग लोक सांगायचं विसरतात. शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांना कागदावरचं जमत होतं, त्यांना बाजारातला हिशेब येत नव्हता. मी ते वाचलं होतं, मैत्रिणींना सांगितलंही होतं. आणि माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर ती मुलगी बसत होती.

शेवटी तिने मला पाहिलंच. क्षणात क्रेटवरून खाली उतरली, मान खाली. आई घाबरून उभी राहिली. ‘मॅडम, बुधवारचंच फक्त. मालक पहाटे माल देतो, एकटीला आवरत नाही.’ मी म्हटलं, ‘ताई, बसा. मी मेथी घ्यायला आले.’ दोन जुड्या घेतल्या आणि मुद्दाम पन्नासची नोट दिली. तिने खाली बघतच वीस परत दिले. मी तिला हळूच विचारलं, ‘एवढा मोठा आवाज आहे तुझा. वर्गात का गं बोलत नाहीस?’

ती जरा विचारात पडली. मग अगदी खरं कारण सांगावं तसं म्हणाली, ‘वर्गात कोणाला हाक मारायची?’

त्या रात्री फोन समोर होता, पण घाटावर जे पाहिलं ते मी यंत्राला सांगितलं नाही. नाव नसलं तरी सांगितलं नाही. आणि प्रगतिपुस्तकात काय लिहायचं हेही सोपं नव्हतं. बालकामगार कायद्यात 2016 ची दुरुस्ती झाल्यापासून मुलाने शाळेची वेळ सोडून किंवा सुटीत घरच्या कामाला हातभार लावला तर चालतं. शाळा बुडवून लावलेला चालत नाही, आणि चालूही नये. ‘बाजारात उत्तम विक्री करते’ असं मी कौतुकाने लिहिलं आणि उद्या तो कागद कुणाच्या हातात पडला, तर तिचा गुण हाच तिच्या आईवरचा ठपका होईल. मुलाचं सामर्थ्य दिसणं ही अर्धीच गोष्ट. ते कागदावर कसं उतरवायचं म्हणजे त्याला त्रास होणार नाही, हे मुलाच्या घरची चूल माहीत असलेल्या माणसानेच ठरवायचं असतं. नव्या शैक्षणिक धोरणातून समग्र प्रगतिपत्रक येतंय. स्वतः मूल, त्याचे सोबती, पालक सगळे त्यात नोंद करतील असं म्हणतात, आणि उद्या सगळं ऑनलाइन गेलं की नोंदी यंत्रानेच लिहाव्यात असा आग्रहही होईल. मला यंत्राचं वावडं नाही, वर लिहिलंच आहे. पण त्याला वाचायला बसवावं, लिहायला नाही, असं माझं ठाम मत झालंय.

आईशी मी दोनदा बोलले. सगळं सुटलं असं नाही. मालक पहाटेच माल देतो आणि जुड्या बांधायला दुसरे हात नाहीत. ठरलं एवढंच की बुधवारी मधल्या सुट्टीपर्यंत तरी तिने शाळेत यायचं. एप्रिलच्या चार बुधवारांपैकी तीन ती आली. वर्गात मी वजाबाकी ‘पुढं मोजत’ करायला घेतली आणि पहिलं उदाहरण तिला फळ्यावर करायला लावलं. तिने हळू आवाजातच केलं. पण केलं बरोबर, आणि खाली बसलेल्या चार-पाच जणांनी ‘अशी पण येते?’ म्हणून वहीत उतरवून घेतली. नऊ क्रमांकाने जागेवरून उठून तिला नवा खडू नेऊन दिला. त्या दिवशी मी ते त्याच्या पानावर लिहिलं, वेगळ्या शब्दांत.

उरलेल्या सहा पांढऱ्या पानांपैकी दोनच मला एप्रिलमध्ये भरता आली. चार राहिली. त्या चार मुलांना मी गुळगुळीत वाक्यं दिली नाहीत. प्रत्यक्ष पाहिलेलं छोटंसं काहीतरी लिहिलं, पण ते पुरेसं नव्हतं हे मला माहीत आहे.

1 मेला झेंडावंदन झालं आणि निकाल वाटायला सुरुवात केली. पालक व्हरांड्यात रांगेने. सतराची आई डोक्यावरून पदर घेऊन भिंतीला टेकून उभी होती, लेक पुढे. मी प्रगतिपुस्तक दिलं. आईने ते उघडलं, बघितलं आणि मला विचारलं, ‘काय लिव्हलंय, मॅडम?’ मी वाचायला हात पुढे केला, आणि मग थांबले. पुस्तक लेकीच्या हातात दिलं.

तिने विशेष प्रगतीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ओठातल्या ओठात सुरू केलं, ‘तीन… भाषांत… समोरच्याला पटेल असं…’

‘ऐकू येईना,’ आई म्हणाली. ‘मोठ्यानं वाच की. गिऱ्हाईक पलीकडं उभं आहे असं समज.’

पोरीने माझ्याकडे एकदा बघितलं. मान वर केली.

‘तीन भाषांत समोरच्याला पटेल असं स्पष्ट बोलते! पैशांचा हिशेब तोंडी आणि अचूक करतेऽऽ!’

व्हरांड्याच्या शेवटच्या खांबापर्यंतचे सगळे पालक वळले.